पदव्युत्तर शिक्षणाची नवी घडण : वर्षे, श्रेयांक आणि परदेशी विद्यार्थी

पदव्युत्तर शिक्षणासंबंधीचे नियम २०२० नंतर इतक्या त्वरेने पालटले आहेत की, ज्यांच्यासाठी ते केले त्या विद्यार्थ्यांनाच काय, पण ज्यांनी ते राबवावयाचे त्या अध्यापकांनाही त्यांची संगती लावणे कठीण जावे. एम. ए. आता एका वर्षाचे की दोन वर्षांचे? चार वर्षांची पदवी घेतलेल्यास एम. ए. न करता पीएच. डी.साठी नाव नोंदविता येते काय? एम. फिल. कोठे गेली? परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश दिल्याने येथल्या विद्यार्थ्याची जागा जाते काय? हे प्रश्न विभागाच्या कार्यालयात नित्य विचारले जातात आणि उत्तरादाखल बहुधा एखाद्या परिपत्रकाचा क्रमांक सांगितला जातो. परिपत्रकात नियम असतो. त्या नियमाचे कारण आणि त्यातून उद्भवणारी अडचण ही मात्र वाचकाने स्वतःच शोधावयाची असते. हा शोध काहीसा सुकर व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

पदव्युत्तर अध्यापन ही आपल्या विद्यापीठांत आरंभापासून असलेली गोष्ट नव्हे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. १९०४ च्या विद्यापीठ-कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची वाट मोकळी झाली. कलकत्ता विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी यांच्या प्रेरणेने १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाची स्वतंत्र व्यवस्था उभारली. मुंबईस १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते; ते १९३९ मध्ये पुन्हा उघडले ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. म्हणजे ज्याला आपण 'पदव्युत्तर विभाग' म्हणतो त्या संस्थेचे वय फार तर शतकभराचे आहे, आणि या शतकात तिचे स्वरूप कधीच पूर्णपणे स्थिरावलेले नव्हते. आजच्या बदलांकडे पाहताना हे ध्यानात असणे बरे. आपण मोडीत आहोत ती अनादि परंपरा नव्हे. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीने बांधलेले ते घर आहे, आणि त्यांनीही ते बांधताना अनेकदा भिंती हलविल्या आहेत.

ज्या एका बदलाची सर्वाधिक चर्चा होते तो, म्हणजे एका वर्षाची पदव्युत्तर पदवी, ही तर कल्पना म्हणूनही नवी नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये अशीच शिफारस केली होती : जो विद्यार्थी 'ऑनर्स' पदवी घेऊन येईल त्यास एका वर्षाच्या अध्ययनानंतर, आणि जो साधी पदवी घेऊन येईल त्यास दोन वर्षांच्या अध्ययनानंतर एम. ए. अथवा एम. एस्सी. पदवी द्यावी. सत्तर वर्षांनंतर तोच विचार वेगळ्या शब्दांत परत आला आहे. मग मध्यंतरी तो का रुजला नाही? ऑनर्स अभ्यासक्रमास लागणारे जादा अध्यापक, ग्रंथ आणि शिकवणीचे छोटे वर्ग बहुसंख्य महाविद्यालयांजवळ नव्हते, हे त्याचे एक उघड कारण. ते कारण आज कितपत दूर झाले आहे, याचा विचार पुढे येईलच.

२. वर्षांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये जाहीर झाले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी-अभ्यासक्रमाचा आणि जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना नवी रचना २०२३-२४ पासून लागू झाली.

या आराखड्याप्रमाणे पदव्युत्तर पदवीकडे जाण्याचे तीन मार्ग आहेत. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याने पहिल्या वर्षानंतर थांबावयाचे ठरविल्यास त्यास पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यास एक वर्षाचा अभ्यासक्रम. आणि तिसरा मार्ग पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाचा. पहिल्या दोन मार्गांची बेरीज केली असता दोहोंचे उत्तर पाचच येते. म्हणजे 'एम. ए. एका वर्षाचे झाले' हे म्हणणे अर्धवट आहे. बारावीनंतरची पाच वर्षे होती तितकीच राहिली. विभागणी मात्र तीन अधिक दोन याबरोबरच चार अधिक एक अशीही झाली.

बेरीज एकच असली तरी विभागासमोरील अडचण त्यामुळे सुटत नाही. किंबहुना ती तेथूनच सुरू होते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षास बसलेला विद्यार्थी चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये पुरे करील, आणि २०२८-२९ मध्ये तो आमच्या दारात उभा राहील. त्या वर्षी एम. ए.च्या एकाच वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतील. एकाने विभागातच पदव्युत्तर पहिले वर्ष पुरे केलेले असेल. दुसऱ्याने आपल्या महाविद्यालयात पदवीचे चौथे वर्ष. कागदावर दोघे समान. परंतु एका वर्गाने विभागाच्या ग्रंथालयात वर्षभर काम केले आहे आणि दुसऱ्याने कदाचित दोन अध्यापकांच्या महाविद्यालयात ते वर्ष काढले आहे, अशी स्थिती असेल तर ही समानता केवळ नियमापुरती राहील. राधाकृष्णन आयोगाची शिफारस ज्या खडकावर आपटली तो खडक हाच.

यावर उपाय आहे. पदवीचे चौथे वर्ष आणि पदव्युत्तर पहिले वर्ष यांचे अभ्यासक्रम एकाच अभ्यासमंडळाने एकत्र बसून, एकमेकांशेजारी ठेवून तयार केले पाहिजेत. जी मूळ ग्रंथांची यादी विभागात पहिल्या वर्षी वाचली जाते ती चौथ्या वर्षी महाविद्यालयांत उपलब्ध आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. नसेल तर चौथे वर्ष सुरू करण्याची परवानगी देताना तशी अट घातली पाहिजे. हे काम २०२८ च्या जून महिन्यात करावयाचे ठरविले तर फार उशीर झालेला असेल.

३. श्रेयांक म्हणजे काय मोजतो?

नव्या रचनेचे चलन म्हणजे श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे सामान्यतः पंधरा तासांचे तात्त्विक अध्यापन किंवा तीस तासांचे प्रात्यक्षिक. महाराष्ट्रातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक सत्रास २२ याप्रमाणे एकूण ८८ श्रेयांक आहेत. त्यांपैकी अनिवार्य मुख्य विषयास ५४, ऐच्छिक विषयांस १६, संशोधनपद्धतीस ४, प्रत्यक्ष कार्यानुभव अथवा क्षेत्रीय प्रकल्पास ४ आणि संशोधन-प्रकल्पास १० अशी वाटणी आहे. एक वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्यास यांतील उत्तरार्ध, म्हणजे ४४ श्रेयांक येतात. संशोधन-प्रकल्पाचे दहाही श्रेयांक याच उत्तरार्धात आहेत.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पूर्वी कला शाखेच्या बहुतेक विभागांतून प्रबंधिका हा ऐच्छिक भाग असे आणि पुष्कळ विद्यार्थी केवळ लेखी परीक्षा देऊन एम. ए. होत. आता प्रत्येक विद्यार्थ्यास संशोधनपद्धती शिकावयाची आहे आणि प्रकल्प लिहावयाचा आहे. हे तत्त्वतः इष्टच आहे. परंतु चाळीस विद्यार्थ्यांचा वर्ग आणि पाच अध्यापक असा विभाग घेतला, तर प्रत्येक अध्यापकाकडे वर्षास आठ प्रकल्प येतात. आठ विद्यार्थ्यांचे कच्चे मसुदे वाचणे, त्यांवर टिपणे करणे, ते परत लिहवून घेणे हे काम प्रामाणिकपणे करावयाचे तर त्यास वेळापत्रकात जागा हवी. ती न दिल्यास प्रकल्प म्हणजे इकडून-तिकडून उतरवून काढलेली चाळीस पाने, एवढाच त्याचा अर्थ उरेल. आणि विद्यार्थी संशोधनाऐवजी संशोधनाचे सोंग शिकेल.

श्रेयांक साठविण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक एका राष्ट्रीय पेढीत त्याच्या नावे जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत ते पदवीसाठी उपयोगात आणता येतात. नोकरीमुळे, घरच्या आजारपणामुळे अथवा विवाहामुळे ज्यांचे शिक्षण मध्येच तुटते त्यांच्यासाठी ही खरोखरीची सोय आहे, आणि पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा ही तिची जोडीदार आहे. तथापि पेढीत श्रेयांक राहतात, ज्ञान राहत नाही. पाच वर्षांनी परतणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्वीच्या अभ्यासाची उजळणी करून देणारा एखादा लघुवर्ग विभागाने ठेवला, तरच या मुभेचा उपयोग होईल.

४. पीएच. डी.ची वाट

पीएच. डी.संबंधीचे आयोगाचे विद्यमान विनियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यांत सर्वांत मोठा फरक पात्रतेत झाला. पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पूर्वीप्रमाणेच पात्र आहे. त्याखेरीज चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी घेतलेला विद्यार्थीही आता थेट पात्र ठरतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील उमेदवारांस पाच टक्क्यांची सवलत आहे.

येथे एक गोंधळ वारंवार होतो, तो दूर करणे अगत्याचे आहे. ७५ टक्क्यांची अट दोन ठिकाणी येते, आणि त्या दोन अटी एक नव्हेत. पहिली अट 'संशोधनासह ऑनर्स' या चौथ्या वर्षाच्या प्रवेशासाठी असून तीत पहिल्या सहा सत्रांचे गुण पाहिले जातात. दुसरी अट पीएच. डी.च्या प्रवेशासाठी असून तीत संपूर्ण आठ सत्रांची पदवी विचारात घेतात. पहिली अट पुरी करणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी मागे पडला तर दुसरी अट पुरी करू शकेलच असे नाही. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट चौथ्या वर्षाच्या आरंभीच समजून घ्यावी.

एम. फिल. ही पदवी याच विनियमांनी संपुष्टात आली. तिच्याविषयी कितीही मतभेद असोत, ती अनेकांसाठी संशोधनाची पायरी होती : एक लहान विषय, एक-दोन वर्षे, एक मर्यादित प्रबंध. ती पायरी काढल्यावर तिचे काम किमान १२ श्रेयांकांच्या पीएच. डी.-पूर्व अध्ययनावर आणि पदव्युत्तर प्रकल्पावर आले आहे. म्हणूनच वर ज्या प्रकल्पाची चर्चा केली तो गंभीरपणे घेण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रवेशाच्या पद्धतीतही बदल झाला. २०२४-२५ पासून 'नेट' परीक्षेचे निकाल पीएच. डी.च्या प्रवेशासाठी उपयोगात आणावे असे आयोगाने ठरविले. कनिष्ठ संशोधन-अधिछात्रवृत्तीस पात्र ठरलेल्यांस मुलाखतीद्वारे प्रवेश. इतर दोन वर्गांतील उत्तीर्णांसाठी परीक्षेस ७० आणि मुलाखतीस ३० टक्के भार. या दोन वर्गांना मिळालेले गुण प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य असतात. उमेदवाराने ज्या विद्यापीठात जावयाचे त्याची स्वतंत्र जाहिरातही पाहणे श्रेयस्कर.

मुदतीचा नियम असा : पूर्वाध्ययन धरून किमान तीन वर्षे, कमाल सहा, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, म्हणजे एकूण आठ. स्त्रियांस आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगता असलेल्यांस आणखी दोन वर्षांची सवलत. शिवाय स्त्री-संशोधकांस प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.

मुदतीची मर्यादा आवश्यक आहे, याविषयी दुमत नसावे. वर्षानुवर्षे नोंदणी अडवून बसणाऱ्यांमुळे नव्या विद्यार्थ्यांचा मार्ग बंद होतो. परंतु मर्यादा राबविताना एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी केले आणि १९१५ मध्ये एम. ए. पदवी घेतली. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने मात्र, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची त्यांना परवानगी दिली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. तर, प्रबंध छापून सादर केल्यानंतर, १९२७ मध्ये रीतसर प्रदान झाली. तेथून निघाल्यास त्या वेळी अकरा वर्षे झाली होती.

आपल्या आजच्या आठ वर्षांच्या चौकटीत लंडनची पदवी कशीबशी बसते. न्यूयॉर्कची बसत नाही. यावरून मुदतीचा नियमच चुकीचा असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. निष्कर्ष एवढाच की, परक्या देशातून आलेल्या एका निर्धन विद्यार्थ्यास एका विद्यापीठाने चार वर्षांची सवड दिली, आणि त्या सवडीचे फळ 'रुपयाचा प्रश्न' या विषयावरील ग्रंथाच्या रूपाने जगास मिळाले. जो विभाग आपल्या विद्यार्थ्याच्या खंडित वर्षांची चौकशी न करता केवळ दिनदर्शिका पाहून त्याचे नाव कमी करील, त्याने नियम पाळला असेल. शिक्षकाचे कर्तव्य पाळले असे म्हणता येणार नाही. दर सहा महिन्यांनी संशोधन-सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याने प्रगती मांडावी अशी तरतूद विनियमांत आहे. अडचण वेळीच कळावी आणि पुनर्नोंदणीचा मार्ग वेळीच दाखविता यावा, हाच त्या तरतुदीचा सर्वोत्तम उपयोग होय.

५. नवे अभ्यासक्रम

श्रेयांक-पद्धतीने ऐच्छिक विषयांना जागा मिळाली, आणि त्यामुळे नवे अभ्यासक्रम काढण्याची लाट आली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव अभ्यासमंडळाकडून विद्याशाखेकडे आणि तेथून विद्यापरिषदेकडे जातो. ही पद्धत योग्यच आहे. परंतु ती अभ्यासक्रमाचा कागद तपासते. त्यामागे ग्रंथ, साधने आणि ते शिकविणारा माणूस आहे की नाही, हे विभागानेच आधी पाहिले पाहिजे.

टिकाऊ अभ्यासक्रम कसा जन्मतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले. भाषाविज्ञानाचे अध्यापन तेथे चालू होतेच. १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाची योजना हाती घेण्यात आली आणि तीतून भाषाविज्ञानाच्या वर्गांची मालिका निघाली. तेथे देशी व परदेशी अध्यापकांनी मिळून तरुण भाषाभ्यासक तयार केले, आणि पुढे निरनिराळ्या विद्यापीठांत भाषाविज्ञान शिकविणारे अनेक अध्यापक त्यांतून आले. पुरातत्त्वाचेही तसेच. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी नेवासे व अन्यत्र उत्खनने केली. त्या खड्ड्यांत विद्यार्थी उभे राहिले. पुरातत्त्वाचे शिक्षण तेथे झाले. दोन्ही ठिकाणी प्रश्न आणि संशोधन आधी, अभ्यासक्रम नंतर.

आज क्रम उलट होताना दिसतो. आधी आकर्षक शीर्षक, मग श्रेयांक, मग वेळापत्रक आणि सर्वांत शेवटी, अध्यापक कोण हा प्रश्न. म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. ज्या विषयावर विभागातील एका तरी अध्यापकाने स्वतः संशोधन केले आहे आणि ज्याची किमान साधने ग्रंथालयात आहेत, त्याच विषयाचा नवा अभ्यासक्रम विभागाने काढावा. बाकीच्या विषयांसाठी शेजारच्या विभागाचे श्रेयांक घेण्याची मुभा आहेच, ती वापरावी. आंबेडकरांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे विद्यार्थी असताना मानवशास्त्राचा वर्ग केला तो मानवशास्त्राच्या अध्यापकाकडे. अर्थशास्त्र विभागाने त्यासाठी स्वतःचा मानवशास्त्र-अभ्यासक्रम काढला नव्हता.

६. परदेशी विद्यार्थी

आता शेवटचा आणि सर्वाधिक गैरसमजांनी वेढलेला प्रश्न. आपल्या देशात परदेशी विद्यार्थी किती? अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे २०२१-२२ मध्ये ते ४६,८७८ होते. त्याच वर्षी उच्च शिक्षण घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लक्ष होती. म्हणजे प्रमाण दर हजारी जेमतेम एक. त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, सुमारे २८ टक्के. त्यामागून अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती आणि भूतान. बहुसंख्य विद्यार्थी पदवी-वर्गांत असून पदव्युत्तर वर्गांतील संख्या त्या मानाने पुष्कळच लहान आहे.

प्रवेशाचे आयोगाचे मार्गदर्शक नियम २०२२ चे आहेत. त्यांप्रमाणे परदेशी पारपत्र धारण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मंजूर प्रवेशसंख्येच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा निर्माण करता येतात. 'अधिसंख्य' या शब्दातच गैरसमजाचे उत्तर आहे. चाळीस जागांच्या वर्गात दहापर्यंत परदेशी विद्यार्थी घेता येतील. पण ते चाळीसांतून वजा होत नाहीत, चाळीसांवर वाढतात. ही अधिक जागा रिकामी राहिली तर ती अन्य कोणासही देता येत नाही. विद्यापीठांमधील करारान्वये काही काळापुरते येणारे विद्यार्थी या मर्यादेत मोजले जात नाहीत. म्हणून येथल्या विद्यार्थ्याची जागा जाते, हे म्हणणे नियमाच्या दृष्टीने खरे नव्हे.

मात्र एका दृष्टीने त्यात तथ्य येऊ शकते. जागा वाढते, पण प्रयोगशाळेतील टेबल वाढत नाही. वसतिगृहातील खोली वाढत नाही. अध्यापकाचा दिवस चोवीस तासांचाच राहतो. किती जागा निर्माण करावयाच्या हे संस्थेने आपली साधने व अध्यापकवर्ग पाहून ठरवावे, असे आयोगानेच सांगितले आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क बहुतेक ठिकाणी अधिक असते. ते शुल्क विभागाच्या ग्रंथालयाकडे आणि वसतिगृहाकडे वळले तर एका परदेशी विद्यार्थ्यामुळे दहा स्थानिक विद्यार्थ्यांचा लाभ होईल. ते केवळ सर्वसाधारण जमेत मिसळले तर दोघांचीही गैरसोय होईल.

पीएच. डी.साठी वेगळी तरतूद आहे. प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन करता येते. त्यावर प्रत्येकास दोन परदेशी विद्यार्थी अधिक घेता येतात. नियम सर्वांस सारखा दिसतो, पण प्राध्यापकाचा भार त्याने पाव हिश्शाने वाढतो आणि तरुण सहायक प्राध्यापकाचा निम्म्याने. विभागप्रमुखांनी वाटणी करताना हे गणित विसरू नये.

प्रवेशातील खरी कठीण गाठ समकक्षतेची असते. युरोपातील बहुतेक देशांत पदवी तीन वर्षांची असून एका वर्षाचे ६० श्रेयांक मोजतात. ब्रिटनमध्ये त्याच वर्षाचे १२०. अमेरिकेत चार वर्षांच्या संपूर्ण पदवीचे १२०. आमच्या राष्ट्रीय आराखड्यात एका वर्षाचे सामान्यतः ४०. युरोपीय पद्धतीत श्रेयांक विद्यार्थ्याच्या एकूण श्रमाचे तास मोजतो, तर आमच्याकडे व्यवहारात तो वर्गातील तासांवरून ठरतो. म्हणून आकड्यास आकडा लावून समकक्षता ठरविणे म्हणजे शेर आणि गज यांची तुलना करणे होय. पाहावयाचे ते विद्यार्थ्याने काय वाचले, काय लिहिले आणि कशा प्रकारची परीक्षा दिली हे. औपचारिक समकक्षतेचे काम दीर्घकाळ भारतीय विद्यापीठ महासंघ करीत आला. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ या नावाने स्थापन झालेली संस्था ती हीच. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसंबंधी स्वतःचे विनियम अधिसूचित केले. प्रमाणपत्र कोणीही देवो, विद्यार्थी पहिल्या सत्रात कोठे कच्चा पडेल हे मात्र विभागासच कळू शकते.

प्रवेशानंतरच्या गोष्टीही आहेत. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याने आगमनानंतर चौदा दिवसांच्या आत नोंदणी-अधिकाऱ्याकडे नोंद करावयाची असते, आणि त्यासाठी संस्थेचे पत्र लागते. ते पत्र देण्यास कार्यालयाने तीन आठवडे लावले तर दंड विद्यार्थ्यास भोगावा लागतो. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांस व्हिसाची गरज नसते. तरीही तो मागून त्यांना हेलपाटे घालावयास लावू नये. १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येणारे आणि स्वखर्चाने येणारे यांच्या प्रवेशाचे मार्ग वेगळे आहेत. दोघांस एकच फॉर्म पुढे करून चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न भाषेचा. आमच्या सामाजिक शास्त्रांच्या वर्गांतून मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा चालतात. काबूलहून आलेला विद्यार्थी आणि नंदुरबारहून आलेला विद्यार्थी, दोघांचीही अडचण बहुधा एकच असते : इंग्रजीत लिहिलेले सैद्धान्तिक गद्य वाचणे आणि त्याच भाषेत विचार मांडणे. एकास परदेशी म्हणून वेगळा वर्ग आणि दुसऱ्यास स्थानिक म्हणून काहीच नाही, ही व्यवस्था अन्यायाची होईल. शैक्षणिक लेखनाचा एकच वर्ग दोघांसाठी ठेवावा, आणि परदेशी विद्यार्थ्यास मराठीचे प्राथमिक शिक्षण द्यावे. ज्या गावी तीन वर्षे राहून संशोधन करावयाचे तेथील भाषा न शिकता तो परत गेला, तर त्याने अर्धेच शिक्षण घेतले असे म्हणावे लागेल. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्या. परक्या देशात विद्यार्थी म्हणून राहणे हे आपल्या लोकांस अपरिचित नाही. तोच अनुभव आता आपण इतरांस देत आहोत, एवढाच फरक.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. वर्षांची बेरीज बदललेली नाही, विभागणी बदलली आहे. म्हणून चौथे वर्ष आणि पदव्युत्तर पहिले वर्ष एकत्र आखले पाहिजे. श्रेयांक तास मोजतो. त्या तासांत काय घडले याची जबाबदारी अध्यापकाची. पीएच. डी.ची मुदत पाळावयाची, पण विद्यार्थ्याचा खंड समजून घेऊन. नवा अभ्यासक्रम संशोधनातून यावा. आणि परदेशी विद्यार्थी ही अधिक जागा आहे, तशीच ती अधिक जबाबदारीही आहे.

नियम करणे आयोगाच्या आणि शासनाच्या हाती आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा वाचून तो सुधारण्यासाठी परत देणे, वेळेवर एक पत्र देणे, अभ्यासक्रमाच्या यादीतील ग्रंथ खरोखरीच ग्रंथालयात आहे की नाही हे जाऊन पाहणे, या गोष्टी कोणत्याही विनियमाने होत नाहीत. त्या विभागानेच करावयाच्या असतात. पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी विभागाच्या बैठकीत, आपल्याकडील प्रत्येक अध्यापकाकडे किती प्रकल्प, किती संशोधक आणि किती मोकळे तास आहेत याचा एक साधा तक्ता मांडला गेला, तर वरील बहुतेक प्रश्नांचा विचार तेथून आपोआप सुरू होईल.